गाडी बदलण्याचे गाव : पाहुण्यासोबत पूर्णा पाहताना

परगावचा स्नेही मुक्कामास आला की यजमानापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. चहा-फराळ होतो, घरातील मंडळींची ओळख होते, जुन्या आठवणी निघतात आणि मग पाहुणा सहज विचारतो, "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" वेरूळच्या रहिवाशास याचे उत्तर शोधावे लागत नाही. नांदेडकर पाहुण्यास सचखंड गुरुद्वाऱ्यात घेऊन जातो, औंढ्याचा मनुष्य नागनाथाच्या मंदिराकडे बोट दाखवितो. पूर्णेचा मनुष्य मात्र क्षणभर थांबतो आणि किंचित संकोचाने म्हणतो, "आमच्याकडे काय? जंक्शन आहे."

या उत्तरातील संकोच अनाठायी आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. पूर्णेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास त्या एका 'जंक्शन' शब्दात साठलेला आहे. तो उलगडून सांगावा मात्र लागतो, आणि तशी वेळ बहुधा पाहुणा आल्यावरच येते. रोजच्या वाटेवरील दगडाकडे आपले लक्ष जात नाही. पाहुणा त्याला अडखळतो आणि विचारतो, "हा येथे कसा आला?" गावाच्या इतिहासाचा अभ्यास पुष्कळदा अशाच एखाद्या साध्या प्रश्नापासून सुरू होतो.

माझा एक महाविद्यालयीन मित्र अकोल्यास असतो. नांदेड-हैदराबादकडे जाता-येता त्याने पूर्णा स्थानकावर कित्येकदा गाडी बदलली, फलाटावर चहा घेतला, रात्री बाकावर डुलक्या काढल्या. परंतु स्थानकाबाहेर त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. मागील हिवाळ्यात तो दोन दिवसांसाठी मुद्दाम आला. "तुझे गाव मी आजवर खिडकीतूनच पाहिले आहे, या वेळी उतरून पाहावयाचे आहे," असे त्याने आधीच कळविले होते. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे बोलणे झाले, त्याच्या आधारे गावाचा हा अल्पसा परिचय वाचकांसमोर ठेवीत आहे.

स्थानकापासून आरंभ

पाहुण्यास गाव दाखवावयाचे तर आरंभ पेठेपासून करावा की नदीपासून, असा विचार अन्यत्र करावा लागत असेल. पूर्णेत तो स्थानकापासूनच करणे योग्य. नदी प्राचीन आहे, तिच्या काठची वस्तीही जुनी; परंतु आज ज्या पूर्णेस लोक ओळखतात ती रेल्वेने घडविली.

हैदराबाद संस्थानात 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याची लांबी ३९१ मैल होती. हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) असा प्रवास करीत तो मनमाड येथे मुंबईच्या मोठ्या रेल्वेस मिळत असे. ही वर्षे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ याच काळातील होय. राजस्थान, गुजरात, मराठवाडा या सर्व प्रदेशांना त्याची झळ पोहोचली. मारवाडी घरांतील वृद्ध मंडळी त्यास 'छपनिया' म्हणत, मराठी घरांत तो 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून स्मरणात राहिला. ज्या वर्षांत विहिरी आटल्या आणि माणसे अन्नासाठी गाव सोडून निघाली, त्याच वर्षांत या मार्गाचे रूळ अंथरले जात होते. पुढील काळात गोदावरी खोऱ्यातील कापूस बाहेर नेणे आणि टंचाईच्या दिवसांत धान्य आत आणणे, अशी दोन्ही कामे याच रुळांनी केली. परभणी, मानवत, सेलू, नांदेड येथील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि कापसाच्या पेठा या मार्गाच्या आधाराने वाढल्या.

१९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीस जाणारा फाटा सुरू झाला आणि पूर्णा हे साध्या स्थानकाचे जंक्शन झाले. तेव्हापासून येथे माणसे उतरू लागली, थांबू लागली आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहू लागली. वाट पाहणाऱ्या माणसास चहा लागतो, पाणी लागते, रात्री पाठ टेकण्यास जागा लागते. गाडी चालविणाऱ्यास विश्रांती लागते. इंजिनास कोळसा लागतो. या गरजांभोवती गाव वाढत गेले.

स्थानकासमोर उभे राहून हे सर्व सांगत असता मित्राने विचारले, "म्हणजे हे स्थानक निजामाचे?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आरंभी ही रेल्वे संस्थानाच्या हमीवर चालणाऱ्या कंपनीची होती. १९३० मध्ये संस्थानाने ती स्वतःच्या ताब्यात घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५१ मध्ये ही रेल्वे नव्या मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली आणि २००३ मध्ये नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला. गाव जागचे हलले नाही. परंतु १९५६ मध्ये ते हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. एका माणसाच्या हयातीत इतके धनी बदललेली गावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. पूर्णेस त्या प्रत्येक बदलाची नोंद रेल्वेच्या पाटीवर वाचावयास मिळाली, एवढेच.

दोन रुळांमधील अंतर

मीटरगेज म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर, अर्थात १००० मिलिमीटर अंतर. ब्रॉडगेजमध्ये हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. फरक ६७६ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आतबाहेर. वरवर पाहता हा तपशील अभियंत्यांच्या कामाचा. परंतु याच सव्वादोन फुटांनी मराठवाड्याचे दळणवळण सुमारे नव्वद वर्षे ठरविले. येथून मुंबईस निघालेल्या प्रत्येक प्रवाशास मनमाडला गाडी बदलावी लागे. कापसाच्या गाठी छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भराव्या लागत. मुंबई दूर वाटे, त्याचे एक कारण हे होते.

उत्तरेकडे मात्र याच अरुंद रुळांनी एक वेगळीच वाट उघडली. १९६० च्या सुमारास हिंगोली-अकोला-खंडवा ही जोडणी पूर्ण झाली आणि दक्षिणेतील मीटरगेज राजस्थानच्या मीटरगेजला जाऊन मिळाले. पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, अकोट, खंडवा, महू, इंदूर, रतलाम, चित्तोडगड, अजमेर, जयपूर अशी ही अखंड साखळी होती. या मार्गावर धावणाऱ्या मीनाक्षी एक्स्प्रेसचे नाव मराठवाड्यातील मारवाडी घरांत आजही जिव्हाळ्याने घेतले जाते.

या गाडीचे महत्त्व मित्रास समजावून सांगण्यासाठी मला आमच्या शेजारच्या एका आजीबाईंकडे त्याला न्यावे लागले. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबांचे माहेर, सासर, कुलदैवत, तीर्थे सर्व तिकडे. लग्नाचे वऱ्हाड असो वा बाळंतपणास निघालेली लेक असो, पूर्णेस एकदा ट्रंका चढविल्या की त्या अजमेर वा जयपूरलाच उतरवावयाच्या. "पुऱ्या, लोणचे, सुराही आणि अंथरूण एवढे बरोबर घेतले की झाले. सूर्यास्ताच्या आत सगळ्या डब्याचे जेवण उरकलेले असे, म्हणून शेजारचे प्रवासी हसत," असे आजींनी सांगितले. मित्र ऐकत राहिला. ज्या स्थानकावर त्याने नेहमी गाडीची वाट पाहिली होती, तेथून कुणाची तरी माहेरची वाट जात होती, हे त्याला नवे होते.

१९९० च्या दशकात मनमाड-नांदेड मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्यानंतर काही वर्षे मीनाक्षी एक्स्प्रेस जयपूर-पूर्णा अशी धावली आणि पूर्णा हे तिचे अखेरचे स्थानक ठरले. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला. अकोला-खंडवा दरम्यानची मीटरगेज गाडी २०१६ च्या अखेरीपर्यंत धावली आणि मग तीही थांबली. रुळांच्या रुंदीकरणाने मराठवाड्याचे हितच झाले, यात शंका नाही. मुंबई, दिल्ली, अमृतसर येथे थेट जाता येऊ लागले, मनमाडची मध्यरात्रीची धावपळ संपली. परंतु प्रत्येक नव्या वाटेबरोबर एक जुनी वाट बुजते आणि ती वाट कुणाची होती, हे नोंदवून ठेवणे इतिहासाचे काम आहे.

रेल्वे वसाहतीतून फेरफटका

स्थानकालगतच्या रेल्वे वसाहतीतून आम्ही सकाळी फिरलो. पाहुण्याच्या दृष्टीने ही काही प्रेक्षणीय जागा नव्हे. परंतु वाफेच्या इंजिनाचा काळ समजून घेतला तर प्रत्येक ओळीतील क्वार्टर बोलू लागते.

वाफेचे इंजिन दूरवर सलग धावू शकत नसे. ठरावीक अंतरावर त्यास पाणी भरावे लागे, कोळसा घ्यावा लागे, भट्टीतील राख काढावी लागे, सांधे तपासून तेल घालावे लागे. त्यासाठी मार्गावर जागोजाग लोकोशेड असत आणि दोन दिशांच्या गाड्या जेथे मिळतात तेथे तर ते असावेच लागे. पूर्णेचे लोकोशेड या गरजेतून उभे राहिले. फिटर, बॉयलरचे कारागीर, फायरमन, खलाशी, पॉइंट्समन, गँगमन अशी शेकडो कामे त्याभोवती निर्माण झाली. रात्री-अपरात्री क्वार्टरचे दार ठोठावून ड्रायव्हर-फायरमनला उठविणारा कॉलमन हा तर गावातील घड्याळाहून भरवशाचा माणूस मानला जाई. रेल्वेच्या नोकरीमुळे मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबे एका ओळीत राहू लागली. आसपासच्या खेड्यांतून भूमिहीन आणि उपेक्षित समाजांतील पुष्कळ तरुणांना पहिला निश्चित मासिक पगार रेल्वेने दिला. पूर्णेतील बुद्धविहार आणि तेथे भरणारी धम्म परिषद ही येथील सार्वजनिक जीवनाची ठळक खूण आहे. पाहुण्यास ती अवश्य दाखवावी.

डिझेल इंजिन आले आणि चित्र पालटले. डिझेलचे इंजिन दूरवर न थांबता जाते, त्यास राख नाही, पाण्याचा उंच नळ नाही, भट्टी पेटविण्याचा खटाटोप नाही. त्यामुळे जागोजागच्या शेडची गरज संपली. मीटरगेजवरील वाफेची इंजिने विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली आणि त्यांच्यासमवेत एक संपूर्ण कारागिरी मावळली. बॉयलरच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा फिटर, चढ येण्यापूर्वी किती फावडी कोळसा टाकावयाचा याचा अंदाज असणारा फायरमन, धावत्या गाडीतून टोकनचा गोळा अचूक झेलणारा सहायक, यांचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते हातात होते आणि हातांबरोबर गेले. यांपैकी जे आज हयात आहेत त्यांनी वयाची सत्तरी-ऐंशी गाठली आहे.

वसाहतीच्या कडेला एका निवृत्त फायरमनशी मित्राचे तासभर बोलणे झाले. निघताना त्याने मला हळूच विचारले, "अरे, हे सगळे कुणी लिहून घेतो का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नाव एक, नद्या तीन

दुपारी नदीकडे जाताना मित्र थट्टेने म्हणाला, "पूर्णा तर आमची!" त्याचेही खोटे नव्हते. महाराष्ट्रात व शेजारी पूर्णा नावाच्या तीन नद्या आहेत. एक विदर्भातील; ती सातपुड्यात उगम पावते, अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून वाहते आणि चांगदेव येथे तापीस मिळते. दुसरी डांगच्या जंगलातून नवसारीकडे जाऊन अरबी समुद्रास मिळते. तिसरी आपली. ती अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते, जालना, हिंगोली, परभणी जिल्ह्यांतून आग्नेयेकडे वाहते, वाटेत दुधनेस पोटाशी घेते आणि पूर्णा तालुक्यातील कंठेश्वर येथे गोदावरीच्या स्वाधीन होते.

नकाशा उघडून पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. पूर्णेहून अकोल्याकडे निघालेली गाडी वाशिमच्या पुढे जलविभाजक ओलांडते. त्याच्या अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातो, पलीकडे पडलेला पाऊस तापीमार्गे अरबी समुद्राकडे. दोन नावबहिणी एकमेकींकडे पाठ करून वाहतात. त्यांना एकत्र आणण्याचे काम निसर्गाने केले नाही, रेल्वेने केले. पूर्णा गावातून निघालेला रूळ अकोल्याच्या उत्तरेस दुसरी पूर्णा ओलांडून खंडव्याकडे जात असे. मित्रास हा योगायोग इतका भावला की त्याने आपल्या वहीत त्याचा नकाशाच काढला.

आपल्या पूर्णेचे आजचे रूप १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या येलदरी व सिद्धेश्वर या धरणांनी घडविले आहे. त्याआधी नदीचा स्वभाव पावसावर अवलंबून असे. धरणांनंतर कालव्यांचे पाणी वसमत-पूर्णा परिसरातील काळ्या जमिनीत फिरले आणि कापूस-ज्वारीच्या शिवारात ऊस, केळी, हळद दिसू लागली. वसमतच्या हळदीच्या पेठेचा आजचा लौकिक या पाण्याशी निगडित आहे.

दुसऱ्या दिवशी कंठेश्वरास जाऊन आम्ही संगम पाहिला. हिवाळ्यात तेथील पाणी संथ असते. दोन प्रवाह कुठे मिळतात ते बोटाने दाखविता येत नाही. थोडे पुढे गेल्यावर ते मिळून गेलेले असतात. तेथे उभे असता 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ आठवला. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, पैलतीरी जाण्याची जागा. 'तीर्थंकर' या शब्दातही तोच अर्थ आहे. माणसे थांबतात, वाट बदलतात आणि पलीकडे जातात अशा ठिकाणांना आपल्या परंपरेने केवढे मोठे नाव दिले आहे! मग ज्या गावाचे अवघे आयुष्य माणसांना पुढील वाटेस लावण्यात गेले, त्याने संकोच का मानावा? वाशिमजवळील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणारा, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास निघालेला, नरसीस संत नामदेवांच्या जन्मस्थानी जाणारा असे नाना पंथांचे यात्रेकरू या फलाटावर एकाच नळाचे पाणी प्याले आहेत.

उखळद आणि नवागड

परभणीच्या दिशेने पूर्णेनंतरचे स्थानक मिरखेल. तेथून जवळच नवागड हे नेमिनाथ भगवंतांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. येथील मूर्ती मूळची पूर्णा नदीच्या काठच्या उखळद गावची. तेथून ती नवागड येथे आणण्यात आली. म्हणूनच जुन्या लेखनात या क्षेत्राचा उल्लेख 'उखळद' या नावाने आढळतो. मूर्तीच्या पायाच्या अंगठ्यात परीस होता आणि त्याचा लोभ धरणाऱ्याच्या हाती न लागता तो पूर्णेच्या डोहात गेला, अशी आख्यायिका या परिसरात सांगितली जाते.

आख्यायिका हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु तिच्यात समाजाचे मन दिसते. मौल्यवान वस्तू बळजबरीने हस्तगत करता येत नाही, ती नदी आपल्या पोटात घेते, हा त्या कथेचा आशय आहे. शिवाय मूर्ती स्थलांतरित झाली तरी मूळ गावाचे नाव तिच्यासमवेत राहिले, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावी अशी आहे. जागा बदलली, पण कोठून आलो हे समाजाने विसरू दिले नाही.

जिल्ह्यातच जिंतूरजवळ नेमगिरी हे डोंगरातील प्राचीन क्षेत्र आहे. तेथील लेण्यांतील मूर्ती आणि लहानशा दगडी आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहण्यास दूरदूरचे यात्रेकरू येतात. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे प्राचीन मंदिरे व सुरेख स्तंभ आहे. दोन दिवसांच्या मुक्कामात हे सर्व होत नाही. परंतु पूर्णेस राहून पाहता येण्याजोगे काही नाही, असे यापुढे कुणी म्हणू नये.

वहीतील चार कालगणना

सायंकाळी बाजारपेठेत एका परिचित व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसलो असता त्यांनी पाहुण्याच्या आग्रहाखातर माळ्यावरील जुन्या वह्यांचे गाठोडे काढले. लाल कापडाच्या बांधणीच्या लांबोळक्या वह्या, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, आत महाजनी वळणाची अक्षरे. काही सुट्ट्या कागदांवर मोडी, तर सरकारी पावत्यांवर उर्दू. मित्राने एका कागदावरील '१३५७' हा आकडा पाहून विचारले, "हे साल कोणते? शिवरायांच्याही आधीचे?"

हे साल फसली होते. हैदराबाद संस्थानचा कारभार फसली सनाने चाले. त्यात ५९० किंवा, महिन्यानुसार, ५९१ मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे, संस्थानाच्या अखेरच्या धामधुमीचे वर्ष. व्यापाऱ्यांच्या वहीत विक्रम संवत् असे. त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात. मराठी पत्रव्यवहारात शालिवाहन शक येई. त्यात ७८ मिळवावे. मंदिराच्या कागदांत आणि मूर्तिलेखांत वीर निर्वाण संवत् आढळतो. त्यातून ५२७ किंवा ५२६ वजा केले की इसवी सन मिळतो. एकाच घरातील कागद समजण्यासाठी चार कालगणना आणि तीन-चार लिप्या याव्या लागतात, ही मराठवाड्याची खास परिस्थिती आहे.

नाण्यांचीही तीच कथा. संस्थानचा रुपया 'हाली', इंग्रजी मुलखाचा 'कलदार'. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सरकारी हिशेब असे. मनमाडपलीकडे माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास प्रत्येक व्यवहारात ही आकडेमोड करावी लागे. वहीच्या समासातील लहान लहान बेरजा त्याचीच साक्ष देत होत्या.

पेढीवरील वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माझ्यापर्यंत हे वाचता येते. मुलांना येत नाही. घर नवे बांधावयाचे आहे, तेव्हा या वह्या कोठे ठेवाव्यात हा प्रश्नच आहे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु घर पाडताना असे गाठोडे रद्दीत जाण्यास एक दुपार पुरते, हे ऐकणाऱ्या आम्हा सर्वांस ठाऊक होते.

परभणीच्या ताम्रपटाची शिकवण

जुन्या लेखांचे महत्त्व किती असू शकते याचे एक थोर उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. परभणी येथे वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या अरिकेसरीचा ताम्रपट उपलब्ध झाला. त्यावर शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६ हे वर्ष आहे. हे घराणे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. लेंबुलपाटक, म्हणजे आजच्या तेलंगणातील वेमुलवाडा, येथील 'शुभधाम जिनालय' या मंदिराच्या दुरुस्तीसाठी व पूजेसाठी एक गाव सोमदेवसूरी या जैन आचार्यांस दान दिल्याची नोंद त्यात आहे. हे सोमदेवसूरी म्हणजे 'यशस्तिलक चंपू' आणि 'नीतिवाक्यामृत' या सुप्रसिद्ध संस्कृत ग्रंथांचे कर्ते. 'यशस्तिलक' शके ८८१ मध्ये, इ.स. ९५९ मध्ये पूर्ण झाले. ग्रंथावरून त्यांची विद्वत्ता कळत होती. उत्तरायुष्यात ते कोठे होते आणि कोणत्या मंदिराशी निगडित होते, हे या ताम्रपटावरून समजले.

विचार करण्याजोगी बाब ही की दान तेलंगणातील, मंदिर तेलंगणातील, आणि ताम्रपट मात्र परभणीस. एवढ्या दूर तो कोणत्या हातांतून आला असेल ते असो. परंतु त्या त्या पिढीत कुणीतरी तो वितळवून भांडे केले नाही, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या एका आचार्यांचा आणि एका जिनालयाचा पत्ता आपणांस लागला. तांबे टिकाऊ म्हणून तो वाचला. कागदास ती सवलत नाही. त्याला वाळवी आहे, ओल आहे आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे घरातील माणसांची अनास्था आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने

संस्थेच्या वाटचालीतील पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. पन्नास वर्षांपूर्वी या स्थानकावर अजून कोळशाचा धूर होता, राजस्थानची थेट गाडी होती आणि येलदरीचे पाणी शिवारात येऊन फार काळ लोटला नव्हता. तो काळ पाहिलेली माणसे आपल्यात आहेत, तोवर त्यांचे अनुभव टिपून घेणे शक्य आहे. आणखी दहा वर्षांनी हे वाक्य असे लिहिता येणार नाही.

यासाठी मोठ्या निधीची वा विद्वानांच्या मंडळाची आवश्यकता नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील जुन्या वह्या, पत्रे, लग्नपत्रिका, छायाचित्रे यांची साधी यादी करावी. ज्यांना मोडी, महाजनी वा उर्दू वाचता येते अशा वृद्धांजवळ महाविद्यालयीन मुलांनी महिन्यातून एखादी दुपार बसावे. मंदिरांतील मूर्तिलेखांचे वाचन करून त्यांतील संवत् इसवी सनासह लिहून ठेवावेत. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलाखती भ्रमणध्वनीवरदेखील ध्वनिमुद्रित करता येतात. हे काम एका समाजाचे नाही. ज्या गावात गुरुद्वाऱ्याचा यात्रेकरू, विहारातील उपासक, पंढरीचा वारकरी आणि शिरपूरचा जैन यात्रेकरू एका फलाटावर बसले, त्या गावाचा इतिहासही सर्वांनी मिळूनच लिहावयास हवा.

माझ्या मित्राचे एक पत्र नुकतेच आले. पूर्णेहून परतल्यावर त्याने आपल्या घराजवळील मोर्णा नदीच्या जुन्या घाटांची माहिती गोळा करण्यास आरंभ केला आहे. चाळीस वर्षे तो त्याच रस्त्याने जात-येत होता. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या गावी गेल्यावर त्याला आपले गाव दिसू लागले, आणि यजमान म्हणून गाव दाखविताना मला माझे.

पूर्णेच्या प्रत्येक घरी यापुढे पाहुणा येवो, त्याने "पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारावे आणि घरातील लहान मुलानेही त्याला स्थानकापासून संगमापर्यंत आत्मविश्वासाने हिंडवून आणावे, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.